दोन वाजता निजलेली नोंद

लाटंबार्से,
दुपारचे चार (झोप झाली आहे)

तीर्थरूप ताराताईला बाबाजीचा साष्टांग नमस्कार, म्हणजे कंबर वाकते तिथपर्यंत.

तुझे गुडघे कसे आहेत? वास्कोच्या दमट हवेत ते कुरकुरतात हे ठाऊक आहे, तरी विचारतो; धाकट्याने विचारायचंच असतं. इथं मी आणि तुझी भावजय शालिनी दोघंही बरी आहोत. काजूची बोंडं पिकलीत, अख्ख्या गावाला गोडसर आंबूस वास येतो, आणि जेवल्यावर डोळे आपोआप मिटतात. त्या मिटण्यातूनच सगळा घोळ झाला.

ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी शेतांच्या नावांवर प्रबंध लिहायला घेतला, हे तुला माहीत आहे (तू हसलीस, तेही मला माहीत आहे). भाताच्या कुठल्या कुणग्याचं नाव कुणी सांगितलं, कुठल्या कागदात सापडलं, याच्या नोंदी ठेवणारं एक सॉफ्टवेअर असतं. आमच्या ग्रंथालयातलं कार्डांचं कपाटच, फक्त खण ओढावे लागत नाहीत. त्यात चारशे बारा नोंदी भरल्या. सांगणारी निम्मी माणसं आता उरलेली नाहीत गो. पंधरा तारखेला प्रबंध द्यायचा, आणि गेल्या सोमवारी ते सॉफ्टवेअर उघडलं की लगेच मिटायला लागलं. उघडलं, मिटलं. शालिनीने लॅपटॉपची दृष्ट काढली. मीठ-मिरच्या उतरवताना एक मिरची बटणांच्या फटीत गेली, ती अजून तिथंच आहे.

शेवटी ते यंत्र साखळीच्या बाजारात शीतलकडे नेलं (कंप्युटर दुरुस्त करते, मूळची सावंतवाडीकडची, भारी हुशार). तिने सांगितलं, आतला माहितीचा साठाच बिघडलाय; नोंद लिहिली जात असताना वीज गेली की असं होतं. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "काका, तुमच्याकडे लाइट रोज दोनाकच कशी जाता?" आता काय सांगू? लाइट मीच घालवतो. दोन वाजले की आपल्या घरात माणसं निजतात, मांजर निजतं, दारातलं पोफळीचं झाडदेखील पेंगतं. मग यंत्रानेच काय पाप केलंय? त्याची बॅटरी कधीच मेलेली, म्हणून मी भिंतीवरचं बटण बंद करायचो आणि आडवा व्हायचो. ते बिचारं दीड वर्ष रोज अर्ध्या नोंदीवर निजत आलं.

ती काम करत होती आणि तिथल्या बाकड्यावर माझा डोळा लागला. बघतो तर चारशे बारा शेतं साखळीच्या स्टँडवर पणजीच्या बसची वाट बघत बसलेली. पायांना चिखल, अंगाला ओल्या भाताचा वास. एकेक जण हळूच विचारत होतं, बाबाजी, आमचं नाव काय रे? मला एकाचंही सांगता येईना. रडूच आलं. जागा झालो तेव्हा शीतल चहा पुढे करत होती. तिने बिघडलेल्या साठ्यातून शाबूत नोंदी उपसून नव्या साठ्यात भरल्या होत्या. चारशे अकरा परत आल्या.

तेव्हा काळजी नसावी. भावोजींना नमस्कार.

तुझा,
बाबाजी

ता. क. न आलेली नोंद तुझी. गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी तू वास्कोहून लिहिलेलं पत्र. व्हाळाच्या काठच्या आपल्या कुणग्याचं नाव त्यात होतं, जिथं तू मला पाठुंगळी घेऊन चिखलात उतरायचीस. दुसऱ्या कुठल्याही कागदात ते नाव नाही. दोनाला पाच कमी असताना टाइप केलं होतं.

आणखी ता. क. मूळ पत्र शोध म्हणू नकोस. वाळवी लागलेला कागद पुस्तकांजवळ ठेवायचा नाही, हा ग्रंथालयाचा नियम. टाइप झाल्याबरोबर आंघोळीच्या पाण्याखालच्या चुलीत घातलं. रागाव, पण पत्रातून रागाव.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवताना नाव आठवलं. पण मला आठवलेलं चालत नाही, संदर्भ म्हणून तू लिहिलेलंच लागतं. फोन चालत नाही. (शालिनी मागे उभी राहून वाचतेय. म्हणते, चालतो.) बरं, चालतो. पण घरात फोन आल्यापासून तू मला एक ओळ लिहिली नाहीस, ताई. दोन लिही. एकीत नाव घाल, दुसरीत काहीही.