बिनफोडणीचं वरण

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

शाळेला सुट्टी द्यायची नाही म्हणे. अमिता मॅडमनी सकाळी ऑफिसात बोलावून सांगितलं — शहरातल्या एका निवासी शाळेत कांजिण्यांच्या अकरा केसेस. आणि आपल्या मुली पंधरा दिवसांपूर्वी तिथेच खो-खो खेळून आल्या! "विनताजी, पूरी तैयारी रखिए, पर हल्ला नहीं." हल्ला नको म्हणजे पालकांत बोभाटा नको. प्रिन्सिपॉल एवढं गोड बोलल्या की मला आधी संशय येतो.

हॉस्टेलात एकशे चार मुली आणि मेट्रन मी एकटी. दिवसभर घरोघरी फोन. कोणाला होऊन गेल्या, कोणाला लस दिली, कोण कच्ची — रजिस्टरात तीन रकाने. निम्म्या आया म्हणतात, "हाँ हाँ, माता निकल चुकी है." आवाजावरूनच कळते की आठवून नाही राहिलं. मी तीन-तीनदा विचारते, मग खूण करते. कोणाच्या शब्दावर जायचे दिवस राहिले नाहीत.

माझ्या लेकीचं, अवंतिकाचं, नाव नववीच्या यादीत. तिच्यापुढे विचारायचं काय? 'होऊन गेल्या'. नागपूरला, माझ्या आईकडे. बंद दाराआड ते कडुनिंबाच्या पाण्याचं न्हाणं आणि ते रडणं अजून कानात आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

खो-खो खेळून आलेल्यांपैकी सात कच्च्या निघाल्या. त्यांना वरच्या मजल्यावर वेगळं काढलं. अवंतिकाही खेळली होती, पण ती पक्की, म्हणून खालीच.

खरी काळजी सहावीतल्या चिन्मयीची. किडनीच्या दुखण्यासाठी जबर गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "इसे नहीं होनी चाहिए. जान पर आ सकती है." आई नाही, वडील फौजेत, लांब. मामा रविवारी न्यायला येतात. तोवर तिला माझ्या क्वार्टरमध्ये आणलं. होऊन गेलेल्यांखेरीज कोणी तिच्याजवळ जायचं नाही. वेणी घालायला, ताट द्यायला अवंतिका आहेच. तिला एवढंच सांगितलं की छोटी जरा अशक्त आहे. गोळ्यांचं कोणालाच बोलली नाही, रसोईत तर नाहीच नाही. रसोईत सांगितलेलं संध्याकाळपर्यंत बडा फुहाऱ्याच्या बाजारात पोचते.

५ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळचं वरण बिनफोडणीचं. रसोईतली पुष्पा दर बुधवारी अवंतिकाच्या डोक्याला तेल लावते, आज गप्पांत रमली असेल. विसरली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजही फोडणी नाही! दोन्ही वेळा. मुली वाट्या बाजूला सरकवून राहिल्या.

पुष्पाला विचारलं. बारा वर्षं झाली तिला इथे रांधताना, कधी नजर चुकवून बोलली नाही. आज चुकवली. "छौंक से बच्चियों को खाँसी होती है, दीदी." बारा वर्षं नाही झाली ती खाँसी? मी तेलाचा डबा उघडून पाहिला. भरलेला. म्हणजे तेल पळवत नाही. मग काय करून राहिली ही बाई? दाल में कुछ काला है म्हणावं, तर दाळीत मोहरीसुद्धा नाही.

अवंतिकाला सांगायला गेली तर म्हणे, "मम्मी, तू काहून सगळ्यांच्या मागे लागते?" फटकन. एवढ्या उन्हात गळ्यापर्यंत स्वेटर. काढ म्हटलं तर नाही. वयच तसं आहे, आपण बोलायची सोय नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं.

रसोईच्या मागच्या दाराला कडुनिंबाची डहाळी. कढई पालथी. पुष्पा अनवाणी. पाहिलं आणि एकदम आईच आठवली. घरात देवी आली की फोडणी नाही, तळण नाही, पायात चप्पल नाही, अन् दुखण्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. आई दोन हफ्ते हेच पाळायची. म्हणजे पुष्पाच्या घरी माता निघाली! कुंडम गावात तिचं घर, नात तिथेच असते, मागच्या रविवारी ही तिथेच जाऊन आली. आणि तेच हात आमच्या एकशे चार मुलींची कणीक मळून राहिले.

सरळ विचारलं, "किसके घर आई है?"

पालथी कढई पुसत म्हणे, "मेरे घर सब अच्छे हैं."

"खा कसम."

"इन दिनों में कसम नहीं खाते, दीदी."

इन दिनों में! आणखी कबुली काय पाहिजे? तडक मॅडमकडे गेली. मॅडमनी तिला दोन हफ्ते घरी बसायला सांगितलं. रडली नाही, भांडली नाही. पिशवी घेऊन निघाली. फाटकाशी थांबून मला म्हणे, "आप भी अपने घर छौंक मत लगाना कुछ दिन. और बिटिया को डाँटना मत."

कोणती बिटिया? चिन्मयीला मी कधी आवाज चढवून बोलत नाही. जाता जाता शाप देऊन गेली की काय! तेही लिहून ठेवते. त्या छोटीसाठी कोणाच्या पोटावर पाय दिल्याची हाय लागली तरी चालेल. चिन्मयी सुखरूप तिच्या मामाच्या हाती गेली की मी सुटली.

८ फेब्रुवारी, शनिवार

कुंडमच्या आशा कार्यकर्तीला मॅडमनी पुष्पाच्या घरी पाठवलं होतं. नात ठणठणीत. घरात, शेजारी, कोणालाच काही नाही. पुष्पा अंगणात तांदूळ निवडत बसली होती म्हणे.

मग ही कोणासाठी पाळून राहिली होती?

वरच्या सातही मुलींची पाठ-पोटं पुन्हा पाहिली. स्वच्छ. कोणीतरी माझ्यापासून लपवून राहिलं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

चिन्मयीचे मामा अकरा वाजता येतात. तिची बॅग भरली. अवंतिकानं तिच्या दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या. दोघी एकाच रजईत बसून खिदळत होत्या.

आत्ता माझ्या थोरल्याचा, अमेयचा पुण्याहून फोन आला. बहिणीची मस्करी करायची म्हणून त्यानं केला होता. मी म्हटलं, अवीला लहानपणीच होऊन गेल्या, तिची काळजी नाही. तो हसायला लागला. "अगं आई, त्या मला झाल्या होत्या. मी दाराआड रडायचो आणि आजी तुला आत येऊ द्यायची नाही, कारण अवी तुझ्या पोटात होती."

ते रडणं अमेयचं होतं.

एकशे तीन घरी तीन-तीनदा विचारलं मी. स्वतःला एकदाही नाही.

त्याच दिवशी, दुपारी

स्वेटर मी ओढूनच काढला. पाठभर फोड आहेत. बुधवारपासून. "पुष्पा दीदीनं तेल लावताना मानेवर पाहिलं. मी तिच्या पाया पडली, मम्मी, की सांगू नको. तू रजिस्टरमध्ये लिहिलं होतं. तू सगळ्यांसमोर खोटी पडली असती."

चिन्मयीला मामांनी थेट दवाखान्यात नेलं. इंजेक्शन देतील. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला आहे, तरी देऊ. आता महिनाभर वाट पाहायची.

पुष्पाला फोन लावला. माफी मागायची होती, पण आधी तोंडातून रागच निघाला. ती छोटी कशी आहे हे माहीत असूनही तू गप्प बसलीस?

ती म्हणाली, "छोटी को क्या है, दीदी? मुझे तो किसी ने बताया ही नहीं."