भाऊजी, तुमचा चेहरा चौकात लागला आहे

तीर्थस्वरूप भाऊजींना साष्टांग नमस्कार. (नुसता लिहायचा म्हणून नव्हे, खरोखर जमिनीवर पालथं पडून घातलेला समजा. का ते पुढे येईलच, तोवर पत्र फाडू नका.) गुडघा कसा आहे? ताई फोनवर म्हणाली की जिना उतरताना तो अजून कुरकुरतो आणि तुम्ही मात्र कुरकुरत नाही. आम्ही मजेत आहोत. म्हणजे ही आणि तुमची भाची मजेत आहेत. मी तोंड लपवत फिरतोय, आणि ते लपवणं फार अवघड झालंय, कारण तोंड माझं नाही, तुमचं आहे, आणि ते चौकात लागलं आहे.

पहिल्यापासून सांगतो. छापखान्यात मी दिवसभर दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे फलक आणि साबणांची वेष्टनं मांडत बसतो. त्यामुळे माझ्यातला खरा कलाकार गुदमरतोय असं मला अधूनमधून वाटतं. (हिला तसं वाटत नाही.) अशाच एका गुदमरलेल्या दुपारी इंटरनेटवर एक मंडळ सापडलं. देशोदेशीचे चित्रकार, विषय एकच, युद्ध नको. एकानं अर्धं चित्र काढून पाठवायचं, दुसऱ्या देशातल्या कुणीतरी उरलेलं अर्धं पुरं करायचं, आणि मग ती जोडचित्रं मोठी करून गावोगावच्या भिंतींवर, बसथांब्यांवर, वाचनालयांत लावायची, म्हणजे येणाराजाणारा कुणीही बघेल. दर रविवारी व्हिडिओवर बैठक. बोलायचं ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत. खाली यंत्र भाषांतर लिहून दाखवतं. पहिल्याच बैठकीत एकाचं चित्र बघून मी म्हणालो की मी तर तोंडात बोटंच घातली. यंत्रानं तिकडे काय सांगितलं देव जाणे, पण संयोजकबाईंनी काळजीच्या सुरात विचारलं, दाढ दुखतेय का? पुढचे कितीतरी रविवार मंडळी युद्धाआधी माझ्या दाढेची चौकशी करत होती.

माझ्या वाट्याला एका शिक्षिकेचं अर्धं चित्र आलं. ती लहान असताना तिच्या गावावर बॉम्ब पडत होते, एवढं संयोजकबाईंनी सांगितलं होतं. डाव्या बाजूला तळघरात उतरणारा जिना, अंधार, आणि पायऱ्यांवर लहान मुलांचे जोडे. बस, एवढंच. खरं सांगू? मी ते नीट पाहिलंसुद्धा नाही. उजवीकडे काय काढायचं हे माझं आधीच ठरलं होतं. गळ्याच्या शिरा ताणून, जबडा वासून, हात उगारून ‘मारा, कापा’ ओरडणारा सेनापती! फक्त चेहरा मिळेना. आरशापुढे मीच ओरडून बघितलं, तर शेजारचे धावून आले आणि चेहरा दिसत होता रिक्षा थांबवणाऱ्याचा. मग मोबाईलमध्ये तो फोटो सापडला. तुम्ही दोघं आमच्याकडे आला होतात, गच्चीवर मी सगळ्यांना ओळीनं उभं करून फोटो काढत होतो, आणि ऐन वेळी तुम्ही हात उंचावून ओरडलात. फोटो बिघडवला म्हणून मी तेव्हा तुमच्यावर चिडलोही होतो. आता तोच सोन्यासारखा वाटला. तुमचं डोकं आणि हात तेवढा कापून घेतला (फोटोतून), वर टोपी चढवली आणि छातीवर पदकांची रांग लावली. तुमची खरी पदकं ताईच्या शिलाई मशीनच्या खणात सुयादोऱ्यांत पडलेली असतात. चित्रातली मी सोड्याच्या बाटल्यांची झाकणं समोर ठेवून काढली. फौजेत उमर काढूनही तुम्ही आम्हाला कधी लढाईची एक गोष्ट सांगितली नाहीत, म्हणून मी चारचौघांत नाक मुरडलेलं आहे. आणि तुम्हालाच मी रक्ताला चटावलेला सेनापती केला. चित्राचं नावही तेच ठेवलं, ‘रक्तपिपासू’.

रविवारी चित्र पडद्यावर आलं. शिक्षिका खुर्ची पुढे ओढून अगदी जवळून बघायला लागली. मला वाटलं, दिपली. मग ती हळूहळू बोलायला लागली आणि खाली अक्षरं उमटत गेली. हा माणूस रागावलेला नाही, ती म्हणाली, हा घाबरलाय. कुणाला तरी बोलावतोय. माझे वडील तळघराच्या दाराशी असेच उभे राहून आम्हाला आत बोलवायचे. हात असाच, तोंड असंच. ती पदकं चुकून राहिलीत का? आणि तिनं विचारलं, तुम्हाला हे कसं कळलं?

इथे कुणीही सभ्य माणूस खरं बोलला असता. मी डोळे मिटले, मान जरा तिरकी केली आणि म्हणालो, “कलाकाराला कळतं.” नेमकं याच वाक्याचं भाषांतर यंत्रानं बिनचूक केलं. टाळ्या पडल्या. त्याच संध्याकाळी मी टोपी पुसली, पदकं पुसली, नाव बदलून ‘हाक’ ठेवलं, आणि प्रदर्शनात त्या चित्राला सगळ्यात मोठी भिंत मिळाली. कुठल्या कुठल्या शहरांतून फोटो येऊ लागले. तुमच्या हनुवटीखाली लोक बसची वाट बघताहेत, एक म्हातारी तुमच्याकडे बघून डोळे टिपतेय. मी सगळ्यांना नम्रपणे आभार कळवत होतो. (नम्रपणाची सवय नसल्यानं मान अवघडली.)

मग चित्र आमच्या चौकात आलं. ही भाजीच्या पिशव्या घेऊन माझ्याबरोबर चालली होती, ती थबकली.

“हे भाऊजी ना?”

“छे! काल्पनिक आहे.”

“काल्पनिक माणसाच्या कपाळावर भाऊजींची खोक कुठून आली?”

घरी आल्यावर तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला, तो मूळ फोटो काढला आणि मी कापून टाकलेल्या बाजूवर बोट ठेवलं. गच्चीच्या कठड्यावर आमची पोरगी. पन्हाळीत अडकलेला चेंडू काढायला चढलेली, दोन्ही पाय कठड्यावर, पाठ आमच्याकडे. मला काही म्हणता काही आठवेना. हिला सगळं आठवत होतं. तुम्ही ओरडलात, धावलात, तिला कवेत घेऊन खाली उतरवलंत, त्यात गुडघा कठड्यावर आपटलात, आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं चहा पीत बसलात. मी काय करत होतो, असं विचारलं. ही म्हणाली, “तुम्ही ओरडत होतात, ‘भाऊजी, हलू नका!’”

शेवटी शिक्षिकेला सगळं लिहिलं. सेनापती, झाकणांची पदकं, मिटलेले डोळे, काही म्हणून लपवलं नाही. उत्तर आलं, म्हणजे तो माणूस लेकराला बोलावत होता. मग माझं काही चुकलं नाही. चुकलं तुमचं. खाली आणखी एक ओळ होती: मुलगी खाली आली ना? मी लिहिलं, आली. तिनं लिहिलं, बरं झालं. आमच्यातला एकजण आला नव्हता, माझा धाकटा भाऊ.

इथेच थांबतो. ताईला नमस्कार.

तुमचा (अजून म्हणवून घ्यायला हरकत नसेल तर)
मेव्हणा

ता. क. प्रदर्शन येत्या शनिवारी तुमच्या गावात येतंय. बागेच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे तुमच्या खिडकीच्या बरोबर समोर. चित्र दुमजली आहे. त्या दिवशी सकाळी पडदा जरा सावकाश सरकवा.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. शिक्षिका त्या दिवशी व्हिडिओवर येणार आहे, तिला तुमच्याशी बोलायचंय. जे आम्हाला कधी सांगितलं नाहीत ते तिला सांगावंसं वाटलं तर सांगा. मी लांब उभा राहीन. फीतही तुम्हीच कापायची आहे. तुमच्या वतीनं मी होकार देऊन टाकला आहे आणि निमंत्रणपत्रिका छापूनही झाल्या. (कागद झकास आहे.) तुम्ही मिशी काढल्याचं ताईकडून कळलं. शनिवारपर्यंत येईल तेवढी येऊ द्या.

शेवटचा ता. क. हिनं आत्ता पत्र वाचलं. म्हणाली, एवढी पानं भरलीत, यात माफी कुठाय? मी पहिल्या ओळीपासून शोधली. नव्हती. भाऊजी, माझं चुकलं. मला माफ करा.

(शनिवारचं मात्र जमवाच.)