घड्याळाच्या दुकानातला खून

प्रिय दातवाल्या,

‘प्रिय’ हे पत्राच्या रिवाजाला धरून लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. तक्रार गंभीर आहे. तू यायचा बंद झाल्यापासून दर रविवारी ऑपरेटरच्या घरच्या कपबशा मी विसळतोय. त्या साबणाने बोटांची सालं निघाली, आणि वर वहिनी म्हणतात, “भावजी, कपाच्या कानामागचं राहिलं.” पन्नाशीला टेकलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतंय, ते तुझ्या कृपेने.

नियम तुझाच. टोपीवाला गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतो, तिथे सिनेमा थांबवायचा, प्रत्येकाने खुनी सांगायचा, चुकेल त्याने कप विसळायचे. आपला ऑपरेटर उमेदीच्या काळात थिएटरच्या वरच्या खोलीत हेच सिनेमे चालवायचा, पण शेवट पाहायला सवड कुठली? खाली खुनी सापडत असताना हा वर पुढच्या खेळासाठी रिळं गुंडाळत बसलेला. म्हणून तर निवृत्त झाल्यावर त्याने त्या टोपीवाल्याच्या सिनेमांची सगळी मालिका घरी आणली. कोणी कोणाला मारलं, हे बिचाऱ्याला म्हातारपणी कळायला लागलं.

मग तो एकच सिनेमा काढायला लागला. घड्याळाच्या दुकानातला खून. पुढच्या रविवारीही तोच, त्याच्या पुढच्याही. वहिनींनी आपल्याला दारातच हळू आवाजात सांगितलं होतं, “ह्यांना आठवत नाही. तुम्हीही आठवू नका.” आपण बसलो. तू भाचीवर संशय घेतलास, मी नोकरावर, आणि ऑपरेटरने दर वेळी मांडीवर थाप मारून दुकानाच्या भागीदाराला पकडलं. “विसळा लेको!” म्हणताना त्याचा चेहरा कसा खुलायचा! लोकांच्या जबड्यात बघण्यात जन्म गेला तुझा, पण तो चेहरा तुलाही दिसलाच असेल.

आणि त्या दिवशी तुला सत्याची उबळ आली. “अरे, किती वेळा तेच ते! भागीदारच आहे. मागच्या रविवारीही तोच होता.” दाढ उपटावी तसा बोललास, तेही भूल न देता. ऑपरेटर रागावला नाही. सिनेमाच्या रिकाम्या डबीवर बोट फिरवत बसून राहिला. आणि निघताना जिन्यात उलट मलाच ऐकवलंस, की रुग्णाशी खोटं बोलणं तुला जमत नाही. तो रुग्ण नव्हता रे गाढवा, तो जिंकत होता.

आता तो खुनी सांगतच नाही. मी सिनेमा थांबवतो, त्याच्याकडे बघतो, तो म्हणतो, “तुम्ही म्हणाल तो.” मग मी आणि वहिनी, उत्तर तोंडपाठ असलेली दोन माणसं, भाचीवर आणि नोकरावर आळ घेत बसतो. जिंकायला समोर कोणीच नाही. इतका खुळा खेळ मी शाळेतही खेळलो नव्हतो.

तुला पत्र लिहिणार नव्हतो. तुझं तोंड बघायची इच्छा नाही. दाढ दुखली तर गावात दुसरे पक्कडवाले आहेत. पण गेल्या रविवारी ऑपरेटरने विचारलं, “दातवाला का येत नाही? मी त्याला काही बोललो का?” वहिनी म्हणाल्या, हल्ली रोज विचारतात. तुझे शब्द तो विसरला. या खोलीत काहीतरी वाईट झालं, एवढंच त्याच्यापाशी उरलंय, आणि ते स्वतःच्याच हातून झालं असं धरून बसलाय. तेव्हा येत्या रविवारी ये. माझ्याशी बोलू नकोस, मीही बोलणार नाही. खुर्चीत बस, आणि सिनेमा थांबला की त्याच्या डोळ्यांत बघून भाचीचं नाव घे. ठासून घे; ठासून चुकायची तुला सवय आहे. बाकीचं मी उरकलंय. त्याचा हात हातात घेऊन म्हटलं, “तू नाही, तोच वेडंवाकडं बोलला. माफी मागायला मला पाठवलंय.”  तो म्हणाला, “असू दे. यायला सांग.”

तुझाच, इलाज नाही म्हणून