आईचा एक जून

आई, काल तुझा वाढदिवस झाला. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी झाला, आणि चांगला पंचाहत्तरावा झाला. दादाच्या म्हणण्याप्रमाणे तू एक जूनला जन्मलीस. शीळफाट्याच्या वळणावर तुझा फ्लेक्स लागला होता. वर तुझा नथीतला फोटो, खाली दादा, त्याचे दोन मुलगे आणि गॉगल लावलेले वीसेक शुभेच्छुक. त्यातल्या एकानेही तुझ्या हातचं घोटभर पाणी प्यायलेलं नाही.

हा एक जून कुठून आला ते मला चांगलं आठवतं. जमीन विकली त्या वर्षी तुझं पॅनकार्ड काढायचं होतं. एजंट ओटीवर बसलाय, फॉर्म मांडीवर. "आजींची जन्मतारीख?" तू पदराने तोंड पुसतेस आणि दादाकडे बघतेस. तू शाळेचं तोंडही पाहिलेलं नाहीस, दाखला कुठून आणणार? "टाका एक जून," दादा म्हणतो, "सगळ्यांची तीच असते." एजंट टाकून मोकळा होतो. तू समोर बसलेली असून तुला कोणी विचारत नाही. फॉर्मची चौकट भरली म्हणजे माणूस जन्मला, असं यांना वाटतं! तेव्हाही माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण मी आत चहा गाळत होते, गाळतच राहिले.

आमच्या वाढदिवसाला तू काय करायचीस? सकाळी न्हाऊ घालून पाटावर बसवायचीस, कुंकू लावायचीस, अंगठी आणि सुपारी ओवाळायचीस. तांदळाची खीर व्हायची, बस्स. एकदा मी तुला विचारलं होतं, तुला कोण ओवाळतं? "माझा कसला गो वाढदिवस? सरक, खीर लागंल खाली," म्हणालीस आणि डाव फिरवत राहिलीस.

आणि काल काय, तर मांडव, डीजे, आणि केक. केक उघडला आणि माझं डोकंच फिरलं. त्यावर तुझा फोटो छापलेला! कपाळ, कुंकू, नथ, सगळं क्रीमवर. दादाने सुरी उचलली आणि बरोबर तुझ्या कुंकवावर टेकवली. मी त्याचा हात धरला.

"आईच्या तोंडावर सुरी चालवतोस? लाज वाटत नाही?"

"अगं, फोटो केक आहे तो. हल्ली सगळेच आणतात. प्रेमानेच करतोय ना?"

"आणि एक जून? हा तिचा वाढदिवस तरी आहे का रे?"

डीजेवाल्याने आवाज बारीक केला. वहिनी माझ्या कानाशी येऊन "ताई, पाहुण्यांसमोर नको ना" म्हणाली. दादाने सुरी खाली ठेवली. "मग खरी तारीख सांग. तुला माहितेय?"

"माहितेय. आईने फक्त मला सांगितलेली. पण तुला नाही सांगणार."

त्याचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. केक कोणी कापलाच नाही. मी ताठ मानेने रिक्षात बसले आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्याला बोलत राहिले.

आज सकाळी त्याचा फोन आला. मला वाटलं, भांडायला केला असेल. पण आवाज पार बसलेला. "फ्लेक्स उतरवला मी. रात्रभर विचार करत होतो, आपण तिला कधी विचारलंच नाही गं. बरं झालं तुला तरी सांगून गेली. सांग ना. पुढच्या वर्षी त्याच दिवशी करू, साधंच. तू ओवाळ तिच्या फोटोला." बोलता बोलता तो रडायला लागला. आपला दादा, आई, जो तुझ्या दहाव्यालाही रडला नव्हता. मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला आणि लिहायला बसले.

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. तू मला काहीही सांगितलं नव्हतंस. ती तारीख मलाही माहीत नाही.