शिकवणीतल्या मुलींची एआयशी ओळख

सोमवार, ३ जून
शिकवणीत चारच मुली उरल्या. दोघी वळणावरच्या कॉम्प्युटर सरांकडे गेल्या. तिथे म्हणे बोलणारं यंत्र दाखवतात! ठरवलं, शुक्रवारी मीच दाखवणार. मग बघू कोण जातं. मॅट्रिक झाले आहे, यंत्राला काय घाबरायचं?

मंगळवार, ४ जून
सुनेने तिच्या जुन्या मोबाइलवर एआय घालून दिलं. म्हणाली, आई, माणसाशी बोलता तसंच बोला. आधी देवाला हात जोडले. मग यंत्राला विचारलं, देव मानतोस का? लांबलचक उत्तर आलं. नाही म्हणालं नाही, हेच पुष्कळ.
एकेक प्रश्न झाला की सगळं पुसून टाकते. जागा उगाच का अडवायची?

बुधवार, ५ जून
यंत्र गर्विष्ठ आहे. सकाळपासून चारदा ओळख करून दिली, तरी विचारतंय आपण कोण. यांना सांगितलं, तर म्हणाले, मी चाळीस वर्षं तुला विसरायचा प्रयत्न करतोय, त्याला दुसऱ्याच दिवशी जमलं!
यंत्राला शिस्त लावणे.

गुरुवार, ६ जून, दुपारी
सतरंजी तीनदा झटकली. कशातच लक्ष नाही. पण तयारी पक्की.

शुक्रवार, ७ जून
दोन नळांच्या हौदाचं गणित घातलं. उत्तर चुटकीसरशी! मुलींनी टाळ्या वाजवल्या. नेहमीसारखं पुसून टाकलं. मग विचारलं, आता दुसरा नळ बंद केला तर? तर म्हणे, कोणता नळ? तीनदा तेच.
दोन वेण्यांवाली म्हणाली, अहो आजी, दर वेळी पुसून टाकता, त्याला आठवणार कसं? म्हटलं, तुम्हा पोरींना काटकसर कशाशी खातात ते ठाऊक नाही. तिने मोबाइलच ओढून घेतला. यंत्राने तिला तेच गणित तीन तऱ्हांनी समजावलं, मध्येच विचारलं, कुठे अडतंय? असं मी कधी विचारत नाही, लाडावतात.
सहा वाजले तरी मुली उठेनात. माझी शिकवणी इतकी कधी रंगली नव्हती.

सोमवार, १० जून
फक्त दोन वेण्यांवाली आली, तीही दारातूनच. म्हणाली, आता आम्ही घरीच यंत्राकडून शिकतो, आजी. तुम्ही छान ओळख करून दिलीत.
निकाल शंभर टक्के. चौघींपैकी सरांकडे एकही गेली नाही!
पाच वाजेपर्यंत सतरंजीवर बसून होते. मग यांना म्हटलं, या, बसा, भागाकार शिकवते. हे चपला घालून बाहेर गेले.