मासळीचं तेल अंगी लागेना

३ फेब्रुवारी १९३६, सकाळ. कचेरीत कायम व्हायचं तर २५ मार्चला खांडव्यात डॉक्टरी तपासणी. वजन हवं एकशे दहा रत्तल. शनवारा वेशीपलीकडच्या कापसाच्या जिनात दगा नावाच्या तोलाऱ्याने मला कापसासारखं काट्यावर घातलं. एकशे तीन. नापास झालो तर डोईफोडियाला सासऱ्यांच्या शेतावर. मेलो तरी जाणार नाही. मासळीचं तेल आणलं. सात रत्तल म्हणजे किरकोळ!

४ फेब्रु. शी! शी! एक चमचा घेतला, तीनदा चूळ भरली. सात पिढ्यांत कुणी मासा पाहिला नाही. पण धर्म सोडणार नाही. तेल दिवसाआड, आणि घेईन त्या दिवशी प्रायश्चित्ताचा कडक उपास. नुसतं पाणी.

९ फेब्रु. कुटुंब म्हणते, घ्यायचं ते घ्या, पण जेवा हो. बायकांना ना धर्म कळत, ना सायन्स.

१६ फेब्रु. एकशे एक. तेल भिकार. निंबा कंपाउंडर म्हणाला, बाबूजी, जेवणावर घ्या, उपाशी पोटी काय अंगी लागणार? चौथी नापास मला शिकवतो! त्याच्याकडूनच इमल्शन आणलं. तेच तेल, पण घोटून दुधासारखं केलेलं. लवकर जिरतं म्हणे.

१८ फेब्रु. पांढरं, बुळबुळीत. वास तोच मेला. नाक दाबून गिळलं. उपास.

१ मार्च. इमल्शन जिरतंय! सदरा छातीवर घट्ट होतो. (कुटुंब म्हणते, धुऊन आटला.) वजन नव्व्याण्णव. काटा बिघडलाय. दगाला तसं सुनावलं. हसतो लेकाचा.

१४ मार्च. उठताना डोळ्यांपुढे अंधारी. रक्त वाढत असणार.

२५ मार्च, खांडवा. पंच्याण्णव. नापास. डॉक्टरांनी विचारलं, घरी जेवायला घालत नाहीत का? जागा कचेरीतल्या चुडामणला. रोज चार भाकऱ्या आणि ठेचा हाणतो, दुसरं काही नाही.

२६ मार्च, संध्याकाळ. कुटुंबाला सांगितलं. ती आधी रडली. मग म्हणाली, देवाधर्माच्या घरात मासळी कशी ठेवू? दोन्ही बाटल्या, जी ज्या दिवशी आणली त्याच दुपारी, तापीत रिकाम्या केल्या. एकीत शेंगदाण्याचं तेल भरलं, दुसरीत तांदळाची पेज, रोज ताजी. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही. जेवा जेवा तर रोजच म्हणत होते.

म्हणजे पन्नास दिवसांत पंचवीस उपास. शेंगदाण्यासाठी!

उद्या सासऱ्यांची बैलगाडी येते. तिने ताट वाढलं. भाकरीवर त्याच बाटलीतलं तेल. मासळीचा वास आला म्हणजे आलाच. नाक दाबून चार खाल्ल्या.