नारळ फोडायचा कुणी

सातारा, सोमवार

ती. नानासो मामांच्या पायी कृष्णातचा दंडवत. तुमचा गुडघा आणि मामींचा रक्तदाब दोन्ही आटोक्यात असावेत असं धरून चालतो. नसते, तर तुम्ही सांगलीच्या सगळ्या विश्रामबागेला सांगितलं असतं आणि ते साताऱ्यापर्यंत पोचलंच असतं. मोबाईलवरचा लांब मजकूर तुम्ही वाचत नाही (आणि छोट्यावर विश्वास ठेवत नाही), म्हणून कागदावर लिहितो.

आमच्या कारखान्यात नवं प्रेस मशीन येऊन महिना झाला. मशीनला वीज आहे, तेल आहे, चालवायला माणसं आहेत, माल घ्यायला गिऱ्हाईक आहे. फक्त मशीनपुढं रीतसर नारळ फुटलेला नाही, कारण तो कुणी फोडायचा हे ठरत नाही. उत्पादन माझ्याकडे, मशीन मी चालवणार, म्हणून मान माझा. देखभालीचे दिग्विजय म्हणतात, बसवलं मी. खरेदीच्या श्रद्धा मॅडम म्हणतात, मी घासाघीस केली नसती तर तुम्ही दोघं रिकाम्या चौथऱ्यावर नारळ फोडत बसला असता. तिघांचंही म्हणणं रास्त आहे. माझं जरा जास्त. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, तुम्ही मॅनेजर आहात, तुम्हीच ठरवा. (गळ्यात पडलेला निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात अलगद घालता येणं, हे मालक होण्याचं पहिलं लक्षण.) आणि आम्हाला ठरवता यावं म्हणून त्यांनी आमचं प्रशिक्षण ठेवलं.

यवतेश्वरच्या घाटातल्या एका हॉटेलात दोन दिवस. शिकवायला पुण्याहून शौनक सर. विषय : मॅनेजरांसाठी सर्जनशील विचार आणि निर्णयक्षमता. वयानं ते माझ्या पुतण्याएवढे, पण आत्मविश्वास तुमच्याएवढा. त्यांनी आमची समस्या ऐकली, फळ्यावर एक चौकोन काढला आणि म्हणाले, याच्या बाहेर येऊन विचार करा. समजा, नारळ न फोडताच मशीन सुरू केलं तर? मागून आमचे सुरक्षा रक्षक तानाजीराव (फौजेतले निवृत्त हवालदार, पाहुण्यांना घाटातून आणायची जबाबदारी त्यांच्यावर होती) हळूच म्हणाले, "सर, तुमी पुण्याचं न्हवं?" सरांनी चौकोन पुसला.

मग त्यांनी उलटं विचारलं : हे मशीन कधीच सुरू होऊ नये, यासाठी काय काय करता येईल? मामा, त्या तासाभरात आम्ही जी बुद्धी चालवली ती नोकरीत कधी चालवली नव्हती. भिंत रंगीत चिठ्ठ्यांनी भरून गेली. सर म्हणाले, इतका कल्पक गट मी आजवर पाहिला नाही. दिग्विजय सगळ्या चिठ्ठ्या वाचून आले आणि म्हणाले, "यातलं समदं आपण आधीच करतोय की."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर (आमरस होता, त्यामुळे विरोध मावळला होता) तोडगा निघाला. तिघांनी तीन नारळ एकाच क्षणी फोडायचे. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. सरांनी टाळ्या वाजवल्या, आमचा फोटो काढला आणि प्रमाणपत्रं वाटली.

गेल्या गुरुवारी मुहूर्त केला. तानाजीरावांनी तीन आकडे मोजायचे, तीनला नारळ आपटायचे. त्यांनी "एक" म्हटलं, "दोन" म्हटलं, आणि दोनलाच तिन्ही नारळ फुटले. बाकीचे दोघं दोनला फोडून पुढं जाणार, अशी प्रत्येकाची खात्री होती. इतकं एकमत आमच्यात पूर्वी कधी झालं नव्हतं. दुर्दैवानं कंट्रोल पॅनेलचं दार उघडं होतं (आतूनही हळदकुंकू वाहायचं, हा दिग्विजय यांचा आग्रह). तीन नारळांचं पाणी आत गेलं. एक निळी ठिणगी उडाली आणि सगळ्या शेडचे दिवे गेले. अंधारात श्रद्धा मॅडमचा आवाज आला, "पॅनेल वॉरंटीत बसत न्हाई हां, आधीच सांगते."

पॅनेल आता दुरुस्त झालं आहे. पण फुटलेले नारळ धरायचे नाहीत, असं सगळ्यांचं मत पडलं. मालक येत्या शुक्रवारी अकरा वाजता गिऱ्हाइकाला घेऊन येताहेत. मशीन चालू दिसलं नाही तर काम कोल्हापूरला जाईल, आणि या कारखान्याला मॅनेजर किती लागतात हा निर्णय मग ते स्वतः घेणार आहेत. शौनक सरांनी फोनवरून तिसरा मार्ग सुचवला : नारळ आम्हा तिघांपैकी कुणीच फोडायचा नाही. कुणी तरी तटस्थ, वडीलधारा, बाहेरचा माणूस बोलवायचा. आम्ही तिघांनीही लगेच मान्य केलं. मानपानाचा मोह सोडल्यावर माणसाला किती हलकं वाटतं, हे मी तुम्हाला काय सांगावं.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
कृष्णात

ता. क. – सूतगिरणीत हयात घालवलेले सांगलीचे एक तटस्थ गृहस्थ म्हणून मी तुमचं नाव दिलं आहे. गुरुवारी संध्याकाळीच या. आपलं नातं मी कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा चारचौघांत मला "किसन्या" म्हणू नका. "साहेब" म्हणा, जमत नसेल तर नुसतं खोका.

ता. क. २ – दिग्विजय यांनीही मलकापूरचे एक तटस्थ गृहस्थ सुचवलेत. फोटो पाहिला, नाक हुबेहूब दिग्विजय यांचं. मॅडमचे तटस्थ गृहस्थ वडूजहून येताहेत, आणि काल फोनवर मॅडम त्यांना "आवं दादा" म्हणत होत्या. लोकांना लाज कशी वाटत नाही कळत नाही. तेव्हा शुक्रवारी सकाळी सातलाच गेटवर उभे राहा.

ता. क. ३ – मामींना या खेपेला बरोबर आणू नका, त्यांना इथं कुणी ओळखायला नको. पुढच्या महिन्यात दुसरं मशीन येतंय.